मागच्या बाकावरून दिसलं पाहिजे

गेल्या महिन्यात नातवाने मला फोनवर तीन चित्रं पाठवली आणि खाली एकच ओळ लिहिली, "आजी, दहापैकी मार्क दे. आणि खरे दे."

आता एकतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेल्या बाईला असं काही पाठवलं की तिचा हात आपोआप लाल पेनकडे जातो. मी चष्मा लावला आणि चित्रं पाहिली. पहिल्यात आगगाडीच्या इंजिनावर झेप घेणारा वाघ होता. मागे सूर्यास्त, जंगल पेटल्यासारखं लालभडक. दुसऱ्यात वरून दिसणारं जंगल आणि त्यात रुळांचा एक वेटोळा, त्यावर मुंगीएवढी गाडी. तिसरं म्हणजे नुसता काळोख आणि त्यात कंदील धरलेला एक माणूस. मी वाघाला ४, वेटोळ्याला ६ आणि कंदिलाला ५ मार्क दिले आणि कारणं विचारू नकोस असं लिहून फोन ठेवून दिला.

कारणं विचारणार नाही तर तो आमचा नातू कसला! पाच मिनिटांत फोन.

नमनाला घडाभर तेल नको, म्हणून आधी प्रकरण काय ते सांगते. (पुण्याच्या मंडळींना हे ठाऊक आहे, त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.) आमचा नातू पुण्यात संगणकाची नोकरी करतो आणि रात्री जागून एक खेळ बनवतो. गेली दोन वर्षं बनवतो आहे. त्यातल्या दुसऱ्या वर्षी नोकरी अर्ध्या वेळेची करून घेतली, म्हणजे पगारही अर्धा. सूनबाई माझ्याजवळ हळूच म्हणाली, "आई, तुम्हीच जरा समजवा त्याला." मी काय समजावणार? खेळ कशावर आहे हे कळल्यावर मीच त्याच्या पक्षात गेले होते.

खेळाचं नाव 'चारचा आकडा'. अकोला-अकोट-खंडवा ही आमची मीटरगेजची लाईन ज्यांनी पाहिली आहे त्यांना एवढं नाव पुरे. इतरांसाठी सांगते. अकोट सोडलं की गाडी अडगाव, हिवरखेड करत सातपुड्याकडे निघायची. वान रोडच्या पुढे मेळघाटचं जंगल. धूळघाटला चढ एवढा की रूळ सरळ वर नेता येईना, म्हणून बांधणाऱ्यांनी डोंगरात वेटोळा घातला. गाडी वळत वळत वर चढायची आणि स्वतःच्याच रुळांवरून पलीकडे जायची. खिडकीतून खाली पाहिलं की आपण थोड्या वेळापूर्वी जिथून आलो ते रूळ दिसत. लोक त्याला चारचा आकडा म्हणत. लग्न होऊन अकोटात आल्यावर मी पहिल्यांदा ओंकारेश्वरला निघाले ती ह्याच गाडीने, आणि सासूबाईंनी डुलकी लागलेल्या मला कोपराने ढोसून उठवलं होतं, "अवं उठ, आकडा आला!" डब्यातले सगळे उजवीकडच्या खिडक्यांशी गोळा झाले होते.

२०१७च्या सुरुवातीला ती गाडी बंद झाली, रुंद रुळांसाठी. अकोला ते अकोट रुंद झालं आणि २०२२मध्ये गाडी पुन्हा धावू लागली. पण पुढचा मार्ग व्याघ्र प्रकल्पातून न्यायचा नाही, जंगलाला वळसा घालून न्यायचा असं ठरलं. वाघांच्या दृष्टीने बरं झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मग धूळघाटच्या त्या आकड्यावरून आता गाडी जाणार नाही. माझ्या नातवाने ती लहानपणी दोनदा पाहिली. त्याच्या मुलांना ती पाहायची झाली तर ती त्याच्या खेळातच दिसेल. म्हणून मी त्याच्या पक्षात.

खेळात काय आहे? मारामारी नाही. आपण एका लहान स्टेशनवरचे पॉइंट्समन. गाडी आली की वेताच्या मोठ्या कडीला अडकवलेल्या चामडी पिशवीतला टोकनाचा गोळा ड्रायव्हरच्या हाती द्यायचा, त्याच्याकडचा घ्यायचा, कंदिलात तेल घालायचं, सांधा बदलायचा, पावसात रुळावर पडलेलं झाड हटवायला माणसं जमवायची. एकेरी मार्ग, म्हणून ज्याच्याकडे गोळा त्यालाच पुढे जायची मुभा. एवढाच नियम, आणि त्या एका नियमातून सगळं कोडं उभं राहतं. मी स्वतः तीन संध्याकाळी खेळले. एकदा दोन गाड्या समोरासमोर आणून ठेवल्या आणि रात्रभर झोप नाही.

हा खेळ विकायचा कुठे? तर स्टीम नावाच्या दुकानात. (कोळशाच्या इंजिनाची आठवण असलेल्या गाडीवरचा खेळ 'वाफ' नावाच्या दुकानात विकायचा, हे मला फार आवडलं. नातवाला त्यात गंमत वाटली नाही, तो म्हणाला आजी हे सगळेच म्हणतात.) हे अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचं दुकान, २००३ पासूनचं, आणि ते फक्त संगणकातच असतं. तिथे वर्षाला हजारो नवे खेळ येतात. गिऱ्हाईक यादीवरून नजर फिरवत जातं. प्रत्येक खेळाचं एक चित्र. त्याला ते कॅप्सूल म्हणतात, मी मुखपृष्ठच म्हणणार. नजर थांबली तर थांबली, नाही तर दोन वर्षांच्या जागरणावरून बोट सर्रकन पुढे.

आणि हे मुखपृष्ठ केवढं असावं? सर्वांत लहान आकार २३१ बाय ८७ ठिपके! आता दुप्पट आकाराचं मागतात, ४६२ बाय १७४, पण यादीत ते दिसतं टपालाच्या तिकिटाएवढंच. तेच चित्र पुन्हा आडव्या मोठ्या आकारात, पुन्हा पुस्तकासारखं उभं ६०० बाय ९००. म्हणजे एकाच लुगड्यात नऊवारीही आणि परकरही. त्यावर लिहायचं काय, यालाही नियम. २०२२च्या सप्टेंबरपासून त्यांनी ठरवलं की चित्र, खेळाचं नाव आणि असलंच तर अधिकृत उपनाव, याखेरीज मुखपृष्ठावर काही नको. 'दहापैकी नऊ गुण', 'पुरस्कारविजेता', 'निम्म्या किमतीत' असलं काही चिकटवायचं नाही. हा नियम मला इतका आवडला की आपल्या पुस्तकांनाही तो लावावा असं वाटलं. अलीकडे कादंबरी हातात घेतली की नावाच्या आधी तिची प्रमाणपत्रं वाचावी लागतात.

आता मार्कांकडे येते.

नातू म्हणाला, "आजी, वाघाला चार का? माझ्या सगळ्या मित्रांना तोच आवडला."

मी म्हटलं, "तुझ्या खेळात वाघ कुठे आहे?"

"आवाज येतो ना. तिसऱ्या रात्री. लांबून."

मी त्याला घोड्याची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी निबंधाला बक्षीस मिळालं, त्या पैशांतून मी आयुष्यातली पहिली स्वतःची कादंबरी विकत घेतली. लेखकाचं नाव सांगत नाही, प्रकाशकाचंही नाही. मुखपृष्ठावर पांढऱ्याशुभ्र घोड्यावर बसलेली, केस मोकळे सोडलेली बाई. मी ती कादंबरी दोन दिवसांत संपवली. घोडा नाही. वाटलं आपल्या नजरेतून सुटला, म्हणून मधली पानं पुन्हा चाळली. घोडा नाही, टांगासुद्धा नाही! सगळी गोष्ट एका चाळीच्या जिन्यात घडते. आज विचार करते तर कादंबरी वाईट नव्हती, चांगलीच होती. पण मी ती घोड्याची वाट पाहत वाचली, त्यामुळे जिन्यातली माणसं मला दिसलीच नाहीत. लबाड मुखपृष्ठाचं हे नुकसान कुणी हिशेबात धरत नाही.

पण थांबा, इथे माझ्याच विरुद्ध एक साक्षीदार उभा आहे. आमच्या लहानपणी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा घराघरांत लपवून वाचल्या जात, आणि त्यांच्या मुखपृष्ठांवर रघुवीर मुळगावकरांची चित्रं असत. काय ती चित्रं! पिस्तूल, काळी सावली, घाबरलेली सुंदर स्त्री. त्यातलं सगळं आत तसंच्या तसं असायचं का? नसायचं. मग मला तिथे फसल्यासारखं का वाटलं नाही? व्याकरण शिकवणारीला उत्तर सापडायला वेळ लागू नये, पण मला दोन दिवस लागले. मुळगावकर करत होते ती अतिशयोक्ती. अतिशयोक्ती हा अलंकार आहे, गुन्हा नाही. आत भय होतं, त्यांनी ते बाहेर दसपट करून दाखवलं. 'दमडीचं तेल आणलं' ऐकून कुणी तेलवाल्याकडे भांडायला जात नाही. घोडा मात्र अलंकार नव्हता, घोडा म्हणजे दुसरंच पुस्तक. तसा हा वाघ. तो नातवाच्या खेळाची अतिशयोक्ती नाही, तो दुसराच खेळ आहे.

दीनानाथ दलालांचं काम आणखी वेगळं. त्यांचा 'दीपावली' अंक १९४५ साली सुरू झाला, आणि आमच्या घरी तो यायचा तेव्हा आधी आई ते मुखपृष्ठ पाच-दहा मिनिटं नुसती बघायची, मगच अंक वडिलांच्या हाती. दलाल कुठल्या गोष्टीचं चित्र काढत नव्हते. आतल्या सगळ्याची प्रकृती काय आहे, ते सांगत. रंग कसे लावावेत हे ज्याला कळतं त्याच्या अंकात कथाही नीट निवडल्या असतील, असा विश्वास त्या चित्राने बसायचा. १९७१ला दलाल गेले, पण आमच्या कपाटात त्यांचे दोन-तीन अंक अजून आहेत. मजकूर किती वेळा वाचला सांगता येणार नाही. मुखपृष्ठ मात्र डोळे मिटले तरी दिसतं.

नातवाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे सगळं खरं आजी, पण दलाल टपालाच्या तिकिटावर नव्हते काढत."

हे मात्र बरोबर होतं. मी गप्प बसले.

आणि तो वाघ तरी कोणी काढला? कुणीच नाही! नातवाने यंत्राला वाक्य लिहून दिलं, यंत्राने अर्ध्या मिनिटात वाघ दिला. त्याचं आर्थिक गणित मला समजतं. चित्रकाराला द्यायला त्याच्याजवळ पैसे नाहीत, माझ्या पेन्शनीतून देऊ केले तर घेत नाही. शिवाय स्टीमवर २०२४च्या जानेवारीपासून असं यंत्राचं चित्र वापरलं तर तसं जाहीर करावं लागतं, तेही तो करणार होता, लपवणार नव्हता. म्हणून नीतीचा प्रश्न मी बाजूला ठेवला आणि नुसती वही तपासली. इंजिनाला एका बाजूला चाकं पाच, दुसऱ्या बाजूला तीन. रूळ दोन होते ते वळणावर तीन झाले. वाघाच्या मागच्या एका पायाचा पत्ता नाही. आणि स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर जे लिहिलं होतं ते देवनागरीसारखं दिसत होतं, पण देवनागरी नव्हतं. शिरोरेषेखाली काहीतरी लोंबत होतं. पहिलीतलं पोर रडत रडत जसं लिहितं तसं. जो खेळ धूळघाटच्या आठवणीसाठी केला, त्याच्याच मुखपृष्ठावर स्टेशनचं नाव वाचता येत नाही.. मार्क चार दिले तेच जास्त झाले.

पण माझं मत म्हणजे बाजार नव्हे. म्हणून मी परीक्षा घ्यायची ठरवली.

संध्याकाळी माझ्याकडे गल्लीतली नऊ मुलं अभ्यासाला येतात, पाचवी ते आठवीतली. फी नाही, गोंगाट भरपूर. त्यांना ओसरीच्या एका टोकाला बसवलं आणि दुसऱ्या टोकाला उभं राहून फोनवरची तिन्ही चित्रं एकेक करून दाखवली. शाळेत फळ्यावर लिहून झालं की मी नेहमी मागच्या बाकापर्यंत चालत जायची आणि तिथून वाचून बघायची. जे तिथून वाचता येत नाही ते लिहिलंच नाही असं समजायचं. मागच्या बाकावरचं पोर चष्म्याशिवाय, कंटाळलेलं, खिडकीबाहेर बघणारं. स्टीमवरचं गिऱ्हाईकही तसंच असणार ना?

निकाल ऐका. नऊपैकी सात हात वाघाला.

"बाई, मले वाघवालं पायजे!" एक जण तर उठून उभाच राहिला.

वेटोळ्याला दोन मतं, आणि त्यातल्या एका मुलीला ते रूळ न वाटता झोपाळ्याची दोरी वाटली होती. कंदिलाला शून्य. "काईच दिसत नाही बाई, फोन बंद हाय काय?"

माझा चेहरा उतरला असणार. पण परीक्षा अर्धवट सोडायची सवय नाही. मी विचारलं, "बरं, ह्या वाघवाल्या खेळात काय काय असेल?"

"वाघ मारा लागते!" "नाही, गाडी पयवा लागते, मांगून वाघ!" "बंदूक भेटते!"

"आणि समजा वाघ आलाच नाही तर? नुसता कंदील पेटवायचा आणि गाडीला सिग्नल द्यायचा?"

जो उभा राहिला होता तोच म्हणाला, "मंग काढून टाकू ना बाई, त्यात काय."

हे मी नातवाला सांगितलं तेव्हा फोनवर बराच वेळ आवाज आला नाही. कारण स्टीमचा एक नियम त्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. विकत घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर खेळ परत करता येतो, पैसे परत मिळतात. आमच्या वेळी ही सोय असती तर मी ती घोड्याची कादंबरी परत करून आले असते! वाघ बघून आलेला माणूस दोन तास वाघाची वाट पाहील का? अर्धा तास पाहील. मग खेळ परत करेल आणि वर चार शब्द सुनावून जाईल. आणि ज्याला कंदील, पाऊस, रात्रीचं स्टेशन आवडलं असतं, तो वाघ बघूनच पुढे गेलेला असेल. म्हणजे जो यायला हवा तो आला नाही, आणि जो आला तो थांबला नाही. सात मतं मिळवूनही वाघ नापास, असं माझं म्हणणं, आणि ते मला आता अंदाजापेक्षा जास्त पक्कं वाटतं.

नातवाने मग मला दोन उदाहरणं दाखवली, ती सांगण्यासारखी आहेत. एक जपानी खेळ, 'इको', २००१ सालचा. शिंगं असलेला एक मुलगा एका मुलीचा हात धरून तिला ओसाड किल्ल्यातून बाहेर काढतो, एवढीच गोष्ट. अमेरिकेत तो जपानच्याही आधी निघाला, आणि तिथल्या मुखपृष्ठावर मुलाचा मोठा थोरला चेहरा, हातात काठी, असा बाजारू मामला. जपान आणि युरोपसाठीचं चित्र खेळाचे दिग्दर्शक फुमितो उएदा यांनी स्वतः रंगवलं, दे किरिको या इटालियन चित्रकाराच्या चित्रावरून स्फूर्ती घेऊन. उंच कमानी, लांब सावल्या, आणि मोकळ्या उन्हात पळणारी दोन चिमुकली माणसं. खेळ तोच. शेजारी शेजारी ठेवून पाहिलं तर दोन वेगळे खेळ वाटतात. जाणकार लोक त्या अमेरिकन मुखपृष्ठावरून अजून हळहळतात म्हणे.

दुसरं आपल्या पुण्याचं. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळींनी 'राजी' नावाचा खेळ केला. सर्कशीत कसरती करणारी एक पोर, तिच्या भावाला राक्षसांनी पळवलेलं, त्याला शोधायला ती निघते. २०१७ला त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी त्यांनी खेळ पुरा केला, २०२०ला आला, आणि त्याच वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. आतली चित्रं पहाडी लघुचित्रांच्या वळणाची, आणि मधली कथा सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली. आमच्या नातवाला त्यातून एक गोष्ट पटली, ती म्हणजे मुखपृष्ठावर ती पोरच आहे. देवदेवता, राक्षस, महाल हे सगळं हाताशी असताना माणूस त्या पोरीच्या डोळ्यांशी येऊन थांबतो. मला विचाराल तर नावाची इंग्रजी अक्षरं मला जरा जास्त नटवलेली वाटली. पण ते माझं वय बोलतं आहे.

अक्षरांवरूनच गाडी पुढे सरकली.

कमल शेडगे २०२०मध्ये गेले. ज्यांनी त्यांच्या नाटकांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत पाहिल्या आहेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल. दोन इंच जागा, शेजारी वीस जाहिराती, चित्राला वाव नाही. शेडगे नाटकाचं नावच असं लिहीत की नाटक विनोदी की गंभीर, जुनं की नवं, हे अक्षरावरून कळावं. दोन इंचांत! म्हणजे टपालाच्या तिकिटाचा प्रश्न मराठी माणसाने कधीच सोडवून ठेवला आहे. हे मला रात्री अडीच वाजता सुचलं, आणि पाठोपाठ दुसरं. आपल्या खेळाचं नाव काय? चारचा आकडा. आणि मराठी ४ कसा लिहितात? दोन रेघा वरून येतात, एकमेकींना ओलांडतात आणि खाली गोल गाठ मारतात. जन्मभर फळ्यावर तो आकडा लिहिला आणि कधी लक्षात आलं नाही. तो धूळघाटचा नकाशाच आहे! रुळाने रूळ ओलांडलेला, खाली वेटोळा.

सकाळपर्यंत कशीबशी थांबले आणि नातवाला फोन केला. तो झोपेत म्हणाला, "आजी.. आजी, थांब, पुन्हा सांग."

पण काढणार कोण? आमच्या गावात एक पेंटर आहे. माझाच जुना विद्यार्थी, आता साठीला आला. एके काळी अकोटातली निम्मी दुकानं, कापसाच्या जिनिंगच्या भिंती, नरसिंग महाराजांच्या यात्रेतले फलक त्याच्या हातचे. मग फ्लेक्स आले आणि त्याचा ब्रश वाळला. आता मुलाच्या मोबाईलच्या दुकानात बसतो. त्याला घरी बोलावलं, चहा दिला, आणि चित्रं दाखवून सगळं समजावलं. तो वाघाकडे बघत हसला. मग विचारलं, "बाई, हे केवढं दिसनार?" मी अंगठ्याचं नख दाखवलं.

"मंग रेघ जाड पायजे," तो म्हणाला. "आन् मागचं समदं काढून टाका. आमी यष्टीतल्या मानसासाठी पाटी लिवायचो. यष्टी थांबत नाही बाई, अक्षरानं थांबवा लागते."

दुसऱ्या दिवशी कार्डपेपरावर पाच निरनिराळे ४ घेऊन आला. चौथा पाहिल्यावर मला काही बोलवेना. जाड पिवळा ४, त्याच्या रेघेत बारीक काळे आडवे स्लीपर, आणि जिथे रेघ रेघेला ओलांडते तिथे खालची रेघ किंचित तोडलेली, पूल दिसावा म्हणून. गाठीच्या आत एक छोटा कंदील. पैसे विचारले तर म्हणाला, बाईकडून पैसे घेत नसतात. नातवाने मात्र ऐकलं नाही, पेंटरला मजुरी पाठवली आणि खेळाच्या शेवटी येणाऱ्या नामावळीत त्याचं नावही घातलं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, ते मी खेळ उघडून पाहिलं तेव्हा कळलं.

सगळं माझ्या मनासारखं झालं असं समजू नका. मला पार्श्वभूमी हिरवी हवी होती, पावसाळ्यातल्या सातपुड्याची. नातवाने रात्रच ठेवली, गर्द निळी. म्हणाला, यादीची पाटी आधीच गडद असते, त्यावर पिवळा उठून दिसतो आणि हिरव्यात मरतो. दोन्ही करून दाखवले, आणि तो बरोबर निघाला. शिवाय नाव इंग्रजी अक्षरांतही घालावं लागलं. जर्मनीतल्या किंवा ब्राझीलमधल्या माणसाला ४ हा आकडा आहे हे कळायचं नाही, त्याला ती नुसती रुळांची गाठ दिसेल. त्यावर माझी हरकत नाही. त्याला गाठ दिसली तरी खेळात ती गाठ आहेच. इंग्रजी अक्षरं मात्र त्याने संगणकातली तयार घेतली आणि ती पेंटरच्या आकड्याशेजारी पाहुण्यासारखी अवघडून बसली आहेत. हे मी त्याला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगणार आहे.

काल संध्याकाळी पुन्हा ओसरीवर परीक्षा घेतली. वाघ आणि ४, दोनच चित्रं. सहा हात वाघाला, तीन ४ला. वाघ जिंकलाच! पण ४ला हात वर करणाऱ्यांना विचारलं, ह्यात काय असेल? झोपाळ्याची दोरी म्हणणारी ती मुलगी म्हणाली, "रातची गाडी असंन बाई. आन् कोनीतरी कंदील घेऊन तिची वाट पाहून राह्यलं असंन."

तिला मी खेळाबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. मघाच्या प्रश्नांतलं कंदिलाचं तिच्या ध्यानात राहिलं असेल, असं नातू म्हणतो. असेलही. तो जरा संशयखोरच आहे, आजोबांवर गेला आहे.

मुखपृष्ठ आज दुपारी गेलं. दुकानात खेळाचं पान लागायला काही दिवस लागतील. सूनबाईने फोन करून विचारलं, किती जण घेतील हो? मी तिला म्हटलं, ते मला नाही सांगता येणार, मी चष्मा काढून फोन हातभर लांब धरला होता आणि मला ४ दिसला.